आठ आणे खरे, आठ आणे खोटे

वर्धा जिल्ह्यातील दोन शेजारच्या गावांची कल्पना करू. मध्ये फक्त एक नाला. जमीन एकाच पोताची, पाऊस दोन्हीकडे सारखाच पडलेला, वावरातल्या पऱ्हाटीची आणि सोयाबीनची अवस्थाही जवळजवळ सारखीच. वर्षअखेर खरीप पिकांची अंतिम पैसेवारी जाहीर होते. एका गावाची येते ४९ पैसे, दुसऱ्याची ५१ पैसे. पन्नास पैशांच्या आतले गाव टंचाईग्रस्त मानायचे आणि बाहेरचे मानायचे नाही, अशी महाराष्ट्रातली अनेक वर्षांची रीत आहे. टंचाईग्रस्त गावाला जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी अशा सवलती मिळत आल्या आहेत. म्हणजे एकाच शाळेत, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचे शुल्क माफ होते आणि दुसऱ्याच्या वडिलांना ते भरावे लागते.

‘दोन पैशांनी असा काय फरक पडला?’ असे कोणीही विचारील. प्रश्न प्रशासनाचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी भाषेचा आणि तर्कशास्त्राचा एक फार जुना पेच आहे. ‘दुष्काळ’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो नेमका कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. अशा शब्दांनी विचार कसा करायचा, आणि त्यांवरून निर्णय कसा घ्यायचा, हे या लेखात पाहू.

पिकाचे आणे, सत्याचे आणे

पैसेवारीचे जुने नाव आणेवारी. रुपयाचे सोळा आणे, म्हणून पूर्ण पीक ते सोळा आणे; निम्मे पीक ते आठ आणे. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पद्धत मात्र तीच राहिली. गावातील काही वावरांत ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापायचे, उत्पादन मोजायचे आणि ते प्रमाण उत्पादनाच्या किती पट आहे ते काढायचे. नागपूर विभागात, म्हणजे वर्धा जिल्ह्यातही, आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम अशी पैसेवारी जाहीर होते.

गंमत अशी, की व्यवहारातून गेलेले आणे भाषेत टिकून आहेत आणि तेही सत्य मोजण्यासाठी. ‘तुमचे म्हणणे सोळा आणे खरे’ असे आपण सहज म्हणतो. सोळा आणे खरे असे म्हणता येते, तर बारा आणे किंवा आठ आणे खरे असेही काही असू शकते हे त्यात गृहीतच आहे. विसाव्या शतकातील तर्कशास्त्रज्ञांनी मोठ्या खटपटीने जी कल्पना मांडली, तिचे बीज आपल्या या वाक्प्रचारात आहे.

बारावीच्या गणितात तर्कशास्त्राचे प्रकरण असते. त्यात विधानाची व्याख्या दिलेली असते: जे खरे किंवा खोटे असते, पण एकाच वेळी दोन्ही नसते, ते विधान. याला द्विमूल्य तर्कशास्त्र म्हणतात. ‘१७ ही मूळ संख्या आहे’ या वाक्याला ही व्याख्या बिनतक्रार लागू पडते. ‘या गावात दुष्काळ आहे’ या वाक्याला लावू गेलो, की अडचण सुरू होते.

धूसर म्हणजे काय, आणि काय नव्हे

ज्या शब्दाला स्पष्ट उदाहरणे आहेत, स्पष्ट विरुद्ध उदाहरणे आहेत, पण मध्ये एक पट्टा असा आहे की जिथे लागू आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही, तो शब्द धूसर. उंच, तरुण, ओला, गरम, श्रीमंत, ढीग, दुष्काळ हे सगळे असे शब्द.

तीन गोष्टी धूसरतेपासून वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली, द्व्यर्थ. ‘कर’ म्हणजे हात किंवा शासनाला द्यायचा पैसा. संदर्भ कळला की अडचण संपते. दुसरी, अज्ञान. ‘या पोत्यात किती बोंडे आहेत?’ याचे उत्तर आपल्याला ठाऊक नसते, पण मोजले की कळते. ‘हा माणूस टकला आहे का?’ हा प्रश्न मात्र डोक्यावरचा एकेक केस मोजूनही सुटत नाही. तिसरी, संभाव्यता. ‘उद्या पाऊस पडण्याची शक्यता ६० टक्के’ हे विधान उद्या संध्याकाळी निकाली निघते. पाऊस पडून गेल्यावर, मिलिमीटर मोजून झाल्यावरही ‘पाऊस जोराचा होता का?’ हा प्रश्न शिल्लक राहतो. ही शिल्लक म्हणजे धूसरता.

ढिगाचा पेच

हा पेच इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रीक विचारवंत युबुलिडीस याच्या नावावर आहे. त्याने धान्याच्या ढिगाचे उदाहरण घेतले. एक दाणा काढला तर ढीग ढीगच राहतो. मग असे एकेक दाणे काढत गेले तर शेवटच्या एका दाण्यालाही ढीग म्हणावे लागेल! आपण तोच पेच पैसेवारीवर मांडून पाहू.

१. ज्या गावाची पैसेवारी ३० आहे तिथे दुष्काळ आहे. (हे कोणीही मान्य करील.)

२. एखाद्या गावात दुष्काळ असेल, तर त्याहून फक्त एक पैसा जास्त पैसेवारी असलेल्या गावातही तो असणारच. (एका पैशाने काय होते?)

आता दुसरे वाक्य पुन्हा पुन्हा वापरा. ३० पैशांना दुष्काळ, म्हणून ३१ला. ३१ला म्हणून ३२ला. असे करत ८० पैशांच्या, आणि शेवटी १०० पैशांच्या गावातही दुष्काळ ठरतो! उलट्या बाजूने निघालो, तर १०० पैशांना दुष्काळ नाही, म्हणून ९९ला नाही, आणि अखेर ३० पैशांनाही नाही. दोन्ही वेळी गृहीतके बिनचूक वाटतात, प्रत्येक पायरी नियमाला धरून आहे, आणि निष्कर्ष हास्यास्पद आहे.

द्विमूल्य तर्कशास्त्रात यातून सुटण्याचा एकच मार्ग आहे. दुसरे वाक्य कुठेतरी साफ खोटे ठरवायचे. म्हणजे एक विशिष्ट पैसा असा मानायचा, की त्याच्या अलीकडे दुष्काळ आणि पलीकडे नाही. शासनाने ५० पैशांवर ओढलेली रेघ हेच करते. पण ती रेघ आपण ओढलेली असते, ‘दुष्काळ’ या शब्दाच्या अर्थात ती नव्हती.

तिसरे मूल्य आणि त्यापुढे

पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२०मध्ये खरे आणि खोटे यांच्या जोडीला तिसरे मूल्य मांडले. त्यांच्यासमोरचा प्रश्न भविष्याविषयीच्या वाक्यांचा होता. उद्या घडणारी गोष्ट आज खरी म्हणावी की खोटी? त्यांनी अशा वाक्याला मधले मूल्य दिले, १/२. म्हणजे अगदी आठ आणे.

धूसर शब्दांना हे मधले मूल्य लावून पाहिले तर थोडी सोय होते, पण पेच सुटत नाही. ‘दुष्काळ आहे’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये ‘सांगता येत नाही’ असा पट्टा आला, तर तो पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? आधी एक रेघ होती, आता दोन झाल्या. व्यवहारातही हेच दिसते. केंद्र शासनाच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पाऊस, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओल, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई असे अनेक निर्देशक पुढे आणले आणि दुष्काळाचे मध्यम व गंभीर असे प्रकार केले. माहिती अधिक चांगली झाली, पण मध्यम आणि गंभीर यांच्यामध्येही रेघ आलीच.

पुढची पायरी १९६५मध्ये टाकली गेली. अमेरिकेतील बर्कली येथे काम करणारे, मूळचे बाकूचे लोत्फी झादेह यांनी ‘फजी सेट’ म्हणजे धूसर संचाची कल्पना मांडली. नेहमीच्या संचात घटक असतो किंवा नसतो. धूसर संचात तो ० ते १ यांमधील कोणत्याही प्रमाणात असू शकतो. ‘आणि’ने जोडलेल्या वाक्यांचे मूल्य म्हणजे दोहोंतील लहान संख्या, ‘किंवा’ने जोडलेल्यांचे मोठी संख्या आणि ‘नाही’चे मूल्य एकातून वजा, असे साधे नियम त्यांनी दिले. पाठोपाठ १९६९मध्ये जोसेफ गोगेन यांनी अशा प्रमाणांच्या तर्काने ढिगाचा पेच कसा उलगडतो ते दाखवले.

आपण तो आपल्या उदाहरणात उलगडू. समजा, ३० पैशांपर्यंत ‘दुष्काळ आहे’ हे पूर्ण खरे, मूल्य १. ८० पैशांपासून पुढे पूर्ण खोटे, मूल्य ०. मध्ये सरळ उतार. म्हणजे पैसेवारी एका पैशाने वाढली की सत्यमूल्य ०.०२ने उतरते. (३० आणि ८० हे आकडे सोयीसाठी घेतले आहेत, दुसरे घेतले तरी युक्तिवाद तोच राहतो.)

आता ‘३० पैशांना दुष्काळ असेल तर ३१लाही असेल’ हे जर-तर विधान तपासू. वुकाशेविच यांच्या नियमानुसार, ‘जर’च्या भागापासून ‘तर’च्या भागापर्यंत सत्य जितके उतरते तितके एकातून वजा करायचे. इथे उतार ०.०२चा, म्हणून विधानाचे मूल्य ०.९८. म्हणजे ते जवळजवळ पूर्ण खरे आहे. म्हणूनच ते ऐकताना आपण मान डोलावतो! पण अशी ५० विधाने साखळीने वापरली, की प्रत्येक कडीला ०.०२ गळत जाते आणि ५० × ०.०२ = १. सगळे सत्य गळून जाते. ३० पैशांना जे सोळा आणे खरे होते, ते ८० पैशांना शून्य आणे उरते. चूक कोणत्याही एका पायरीत नाही, ती थोडी थोडी सगळ्या पायऱ्यांत वाटलेली आहे. थेंबाथेंबाने गळणाऱ्या घागरीसारखी.

आणि आपली दोन गावे? ४९ पैशांच्या गावाचे मूल्य ०.६२, ५१ पैशांच्या गावाचे ०.५८. आण्यांत सांगायचे तर एक दहा आण्यांच्या किंचित खाली, दुसरे सुमारे सव्वानऊ आणे. दुष्काळाच्या खरेपणात फरक ०.०४चा, सवलतींत मात्र फरक पूर्ण एकाचा. हिशेब मांडल्यावर गावकऱ्यांची तक्रार भाबडी नाही हे कळते. निसर्गात आणि भाषेत उतार आहे, आपण त्यावर कडा बांधला आहे.

ओला, ओलसर, ओलाचिंब

भाषेला हे उतार चांगले ठाऊक असतात. मराठीत ‘-सर’ हा एक प्रत्यय आहे: ओलसर, काळसर, गोडसर. तो गुण थोडा पातळ करतो. उलट ओलाचिंब, काळाकुट्ट, लालभडक हे शब्द गुण घट्ट करतात. झादेह यांनी अशा शब्दांना गणिती रूप देण्याचा प्रयत्न केला. ‘खूप’ लावला की मूल्याचा वर्ग करायचा, ‘थोडाफार’ लावला की वर्गमूळ काढायचे. कापसाच्या गाठोड्याविषयी ‘ओला’चे मूल्य ०.६४ असेल, तर ‘खूप ओला’चे ०.४१ आणि ‘ओलसर’चे ०.८. अर्थात भाषा इतक्या शिस्तीने वागतेच असे नाही. ओलाचिंब कापसाला कोणी ‘ओलसर’ म्हणणार नाही, पण या सूत्राने त्याचे मूल्य १ येते. तरी पहिली अटकळ म्हणून सूत्र उपयोगी आहे.

यंत्रांना ते उपयोगी पडलेच. १९७०च्या दशकात लंडनमध्ये इब्राहिम ममदानी यांनी ‘दाब बराच कमी असेल तर उष्णता बरीच वाढव’ अशा धूसर नियमांवर एक छोटे वाफेचे इंजिन चालवून दाखवले. १९८७मध्ये जपानच्या सेंदाई शहरातील भुयारी रेल्वे अशाच पद्धतीने चालू लागली. कुशल चालक ब्रेक एकदम न दाबता थोडा थोडा दाबतो, तेच तंत्र.

बाजारातला उतार

उतार कागदावर आणणे शक्य आहे का? वर्ध्यातच त्याचे उदाहरण आहे. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेला. तिथल्या बाजारात ‘माल ओला आहे’ हा वाद नवा नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे ओलावा जितके टक्के जास्त, तितके टक्के भावात कपात होते. भाव क्विंटलला ८,००० रुपये धरला, तर ९ टक्क्यांना ७,९२० आणि १२ टक्क्यांना ७,६८० रुपये. ‘ओला की कोरडा?’ असा प्रश्नच इथे विचारलेला नाही, ‘किती ओला?’ असे विचारले आहे. हा उतार झाला. पण १२ टक्क्यांच्या पुढचा माल घेतलाच जात नाही. तिथे उतार संपतो आणि कडा येतो. म्हणून पहाटेच्या दवात वेचलेला कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याचा जीव त्या शेवटच्या टक्क्यात अडकलेला असतो.

नुकसानभरपाईचे उदाहरण याच्या उलट आहे. नैसर्गिक आपत्तीत पिकाचे ५० टक्के नुकसान झाले तरच मदत, हा निकष २०१५मध्ये ३३ टक्क्यांवर आणला गेला. अनेकांना त्याचा लाभ झाला. पण कडा होता तो कडाच राहिला, फक्त जागेवरून सरकला. रेघ कुठे असावी आणि रेघच असावी का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धूसर तर्क आपल्याला दुसरा प्रश्न विचारायला शिकवतो.

आक्षेपही ऐकले पाहिजेत

प्रमाणांच्या तर्काने सगळे सुटले असे मात्र नाही. समजा क गावाची पैसेवारी ५५ आणि ख गावाची ६०. आपल्या उतारावर ‘क मध्ये दुष्काळ आहे’ याचे मूल्य ०.५ आणि ‘ख मध्ये दुष्काळ आहे’ याचे ०.४. आता हे वाक्य पाहा: ‘ख मध्ये दुष्काळ आहे, पण क मध्ये नाही.’ नियमाप्रमाणे मूल्य येते ०.४. पण ख चे पीक क पेक्षा चांगले असताना हे वाक्य साफ खोटे असले पाहिजे! तसेच ‘क मध्ये दुष्काळ आहे किंवा नाही’ हे वाक्य, जे नेहमीच्या तर्कशास्त्रात मध्यमपरिहाराच्या नियमाने पूर्ण खरे, ते इथे आठ आणेच खरे ठरते.

किट फाइन यांनी १९७५मध्ये वेगळा मार्ग सुचवला. शब्दाच्या अर्थाला धरून जितक्या रेघा ओढता येतील तितक्या सगळ्या मनात ओढून पाहा. प्रत्येक रेघेने जे खरे ठरेल ते खरे, प्रत्येक रेघेने खोटे ठरेल ते खोटे, बाकीचे अनिर्णित. कोणतीही रेघ ओढली तरी ‘ख मध्ये आहे, क मध्ये नाही’ हे खोटेच येते, आणि ‘आहे किंवा नाही’ हे खरेच. टिमथी विल्यम्सन यांनी १९९४च्या आपल्या पुस्तकात आणखी वेगळी बाजू घेतली: रेघ खरोखरच असते, पण ती कुठे आहे हे आपल्याला कळू शकत नाही. तिन्ही मतांना आजही समर्थक आहेत.

‘हे सगळे जैनांच्या स्याद्वादात आहेच’ असेही कधी कधी म्हटले जाते. स्याद्वादातील सात प्रकारच्या कथनांनी जे. बी. एस. हाल्डेन यांचेही लक्ष वेधले होते. त्यांनी १९५७मध्ये त्यावर लेख लिहिला. पण तिथला ‘स्यात्’ हा प्रमाण सांगत नाही, दृष्टिकोन सांगतो: एका दृष्टीने आहे, दुसऱ्या दृष्टीने नाही. विचार खोल आहे, पण प्रश्न वेगळा आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. फळ्यावर ३६ ते ४७ अंश सेल्सिअस तापमाने लिहा. वर्ध्याच्या मुलांना ती सगळी परिचयाची आहेत. ‘कडक ऊन’ कुठपासून, हे प्रत्येकाला गुपचूप वहीत लिहायला सांगा. नंतर प्रत्येक तापमानाला किती जण ‘कडक’ म्हणतात याचा आलेख काढा. कडा येतो की उतार? (मतांची टक्केवारी म्हणजेच सत्यमूल्य असे मात्र नव्हे. हा फरक मुलांशी बोला.)

२. दुसऱ्या वर्गात हाच खेळ एकेक अंश मोठ्याने विचारून खेळा. एकदा ३६ पासून वर चढत, एकदा ४७ पासून खाली उतरत. उत्तर बदलण्याची जागा दोन्ही वेळी सारखी येते का?

३. दहावीला उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात. ३४ आणि ३५ गुणांची दोन मुले घ्या. सवलतीचे गुण देण्याची सोय कोणत्या तर्काची कबुली आहे? गुण आणि श्रेणी यांत उतार कुठला, कडा कुठला?

४. रोजच्या व्यवहारातील पाच कडे शोधा: मतदानाचे वय, निम्म्या तिकिटाचे वय, हजेरीची टक्केवारी. यांपैकी कोणत्या ठिकाणी उतार करता येईल आणि कोणत्या ठिकाणी नाही, ते कारणासह लिहा.

चौथा प्रश्न महत्त्वाचा. मत पाऊण देता येत नाही. तिथे रेघ हवीच. रेघेचे गुणही आहेत. ती सर्वांना कळते, वाद कमी करते, आणि मोजणाऱ्याच्या मर्जीला वाव ठेवत नाही. उतारावर प्रत्येक टप्प्याला मोजमाप लागते आणि मोजमापाला खर्च व प्रामाणिकपणा दोन्ही लागतात. पण महसुलातील सूट, वीजबिलातील सवलत, परीक्षा शुल्क या गोष्टी पैशांतच मोजल्या जातात. त्या पाव, निम्म्या, पाऊण देता येतात. जिथे देता येतात तिथे ‘हो की नाही’ असा हट्ट धरणे ही तर्कशास्त्राची गरज नसून आपली सवय आहे. आणेवारी काढणाऱ्यांनी पीक सोळा भागांत मोजले होते. मदत दोनच भागांत वाटायची असे त्या मोजणीत कुठेही लिहिलेले नाही.